आधी मराठी लिहून बघते

दादर पश्चिमेला, रानडे रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत एक मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, बटणं, हुक, चेन, धाग्यांची रिळं. दुकान जेमतेम दहा फूट रुंद, पण आत थेट छतापर्यंत रंगच रंग. मी ग्राफिक डिझायनर, तिथल्या शेठनी मला बोर्डासाठी बोलावलं तेव्हा २०२३चा ऑक्टोबर सरत आला होता. दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने दिलेली दोन महिन्यांची मुदत नोव्हेंबरात संपणार होती आणि अख्ख्या गल्लीत बोर्डवाल्यांच्या शिड्या लागल्या होत्या.

“ताई, जास्त काय करायचं नाय. वरती मराठीत नाव टाकून द्या, इंग्लिशच्या एवढंच,” शेठ म्हणाले.

नियम साधा आहे. मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. त्या दिवसांत तो पाळायची सोपी रीत सगळ्यांना सापडली होती. इंग्रजी लोगो होता तिथेच ठेवायचा, कॉम्प्युटरमध्ये हाताला येईल त्या फॉन्टमध्ये मराठी नाव टाइप करायचं आणि उंची जुळेपर्यंत माउसने वर ओढायचं. अक्षर असं ताणलं की आडव्या रेघा फुगतात, उभ्या मात्र तेवढ्याच राहतात. शिरोरेषा तुळईसारखी जाड आणि तिच्याखाली काडीसारखे काने. त्या एका गल्लीत अशा नऊ पाट्या मी मोजल्या. मला मनापासून वाईट वाटलं. कायद्याने मराठीला जागा मिळवून दिली होती आणि ती आपण अशी भरत होतो.

शेठकडे मी दोन संध्याकाळ मागितल्या. “बोर्ड लिहायला दोन दिवस?” म्हणाले. मी म्हटलं, लिहीन नंतर, आधी नुसती समोर उभी राहून बघते.

ही सवय मला कुठून लागली ते सांगायला हवं. कॉलेजातून बाहेर पडल्यावर आठ वर्षं मी एका जाहिरात एजन्सीत होते. माझं टेबल ‘अ‍ॅडाप्टेशन’चं. म्हणजे मूळ जाहिरात इंग्रजीत तयार होणार, क्लायंटकडून पास होणार आणि मग त्याच चौकटीत आम्ही मराठी, हिंदी, गुजराती बसवणार. इंग्रजी हेडलाइनच्या दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठरलेलं असायचं. मराठी बसवलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर जाऊन आदळायचा. मग सीनिअर मागून येऊन म्हणायचा, “पॉइंट साइज कमी कर ना, बसेल.” आणि बसायचं. दर वेळी मराठी दोन-तीन पॉइंटांनी लहान व्हायची. आठ वर्षांत मी हे किती वेळा केलं असेल, मोजदाद नाही. एकदा पावसात परळच्या पुलावर अडकले होते, समोर मीच बसवलेलं होर्डिंग होतं. इंग्रजी ओळ स्वच्छ वाचता येत होती. तिच्याखालची मराठी ओळ मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या बाई डोळे बारीक करून ती वाचायचा प्रयत्न करत होत्या आणि मग त्यांनी नाद सोडला.

नोकरी सोडायला त्यानंतर आणखी वर्ष गेलं. पण स्वतःचं काम सुरू केल्यापासून मी एक गोष्ट पाळते. काम कसलंही असो, अगदी क्लायंटला फक्त इंग्रजी हवं असलं तरी, पहिला कागद मराठीचा. पेन्सिलने, मोठ्या अक्षरात. याला भावनेइतकंच कामाचं कारण आहे. देवनागरीला वर-खाली जागा लागते. ‘कुर्ला’ हा साधा शब्द घ्या, पहिल्या अक्षराला खाली उकार, दुसऱ्याला वर रफार. या शब्दाला मोकळा श्वास घेता येईल अशी चौकट आखली की त्यात इंग्रजी सुखाने राहतं. उलट केलं की कोंडमारा मराठीचा होतो. हे मला आठ वर्षं कोंडमारा करूनच कळलं.

तर गल्लीत मी दोन संध्याकाळ उभी राहिले, समोरच्या छत्री दुरुस्त करणाऱ्या काकांच्या बाजूला. स्टेशनकडून बायका यायच्या, पिशवीतून साडीचा पदर किंवा ब्लाउजपीस बाहेर काढायच्या आणि काकांनाच विचारायच्या, “अस्तर कुठे मिळेल हो?” पहिल्या संध्याकाळी चौदा जणींनी विचारलं. अकरा जणी ‘अस्तर’ म्हणाल्या, दोघी ‘फॉल’, आणि एकीनेच दुकानाचं नाव घेतलं. वर बोर्डाकडे एकीनेही बघितलं नाही. बघणार कशा? बोर्ड अकरा फुटांवर, गल्ली अरुंद, मध्ये फेरीवाल्यांची ताडपत्री. वर बघायचं तर मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकायला दादरमध्ये जागा कुठली!

म्हणजे सगळ्यात जास्त वाचला जायला हवा तो शब्द बोर्डावर नव्हताच. आणि तो डोळ्यांच्या उंचीवर हवा होता. शटरच्या डाव्या बाजूला नऊ इंच रुंदीचा खांब होता, त्यावर जुनी स्टिकरं चिकटलेली. मी तो मोजला. देवनागरीत अक्षराखाली अक्षर लावत उभा शब्द लिहिता येत नाही, शिरोरेषा तुटते आणि मात्रा, वेलांट्या पोरक्या होतात. पण शब्दाखाली शब्द लावता येतात. अस्तर. फॉल. लेस. बटणं. चारही शब्द दोन-तीन अक्षरांचे. त्यातला सगळ्यात रुंद ‘अस्तर’, म्हणून तो नऊ इंचांत मावेल त्या मापावर बाकीचे तीन ठरले. रंग काळा, जमीन हळदीची. रात्री घरी बसून मी हे चार शब्द शंभरेक वेळा तरी लिहिले असतील. ‘स्त’ हे जोडाक्षर नीट बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला. स चा अर्धा भाग त ला टेकला की लांबून ती एकच गाठ दिसते, आणि दूर नेला की शब्द मधूनच फाटतो.

शेठना ते रेखाटन दाखवलं तर ते गप्प झाले. दुकानाचं नाव त्यांच्या वडिलांचं. ते वर अकरा फुटांवर आणि खाली ‘अस्तर’ त्याहून ठळक, हे त्यांना पटेना. मी वाद घातला नाही. खांबाच्या मापाची प्रिंट काढून आणली होती ती सेलोटेपने चिकटवली आणि त्यांना रस्त्यापलीकडे छत्रीवाल्या काकांपाशी घेऊन गेले. पाचेक मिनिटं ते बघत राहिले. मग म्हणाले, “माझे बापूजी खांद्यावर अस्तराचे तागे टाकून फिरायचे ना. लोक त्यांना अस्तरवालेच बोलायचे.” त्यानंतर त्यांनी एकच बदल सांगितला. ‘बटणं’ सगळ्यात खाली होतं ते ‘लेस’च्या वर घ्यायला लावलं, कारण बटणं जास्त खपतात.

वरचं नाव अ‍ॅक्रिलिकच्या उठावाच्या अक्षरांत केलं, आत एलईडी. ते काम कुर्ल्याच्या एका गाळ्यात झालं आणि तिथे मी एक गोष्ट शिकले. अक्षरं कापणारा मुलगा म्हणाला, इंग्रजी नाव असलं की प्रत्येक अक्षरासाठी भिंतीत वेगळं भोक पाडून वायर घालावी लागते. मराठीत सगळा शब्द शिरोरेषेने जोडलेला, एका टोकाला वायर घातली की आतून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. नावावर एक अनुस्वार होता, त्याच्यासाठी मात्र स्वतंत्र भोक. “हा एवढा एकटा राहतो,” तो म्हणाला. शिरोरेषेचं इतकं रोकडं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर तिची जाडी दीड मिलिमीटरने वाढवली, वायर आणखी सोयीने जावी म्हणून, आणि अक्षर त्याने बिघडलं नाही, उलट भरलं.

त्या नावात एक ‘श’ होता आणि एक ‘ल’. राज्य सरकारच्या २००९ सालच्या शासन निर्णयात मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल सांगितलेला आहे, आपण शाळेत गिरवला तोच. पण फोनवर आणि कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा ल समोर येतो आणि आता मुलांना तोच ओळखीचा वाटायला लागलाय. चांगल्या फॉन्टांत मराठी वळणाची अक्षरं आतच ठेवलेली असतात, मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की ती बाहेर येतात. हे सांगायचे कष्ट कोणी घेत नाही. नवीन मुलं मला विचारतात, मराठीत फॉन्टच कुठे आहेत? आहेत ना! विंडोजवर आपण वर्षानुवर्षं वाचत आलो तो ‘मंगल’ र. कृ. जोशींनी घडवला, पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकवणाऱ्या आणि अक्षराला आयुष्य दिलेल्या माणसाने. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ मुंबईतल्याच ‘एक टाइप’ने केले आणि ते कोणालाही फुकट वापरता येतात. जावजी दादाजींनी १८६९ साली याच शहरात निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या खिळ्यांचं वळण पुढे कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं. ज्या गावाचं देवनागरी असं घडलं त्या गावातल्या पाट्यांवर अक्षर माउसने ताणलेलं बघवत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

क्लायंट नेहमी तीन ऑप्शन मागतात. मी एकच देते. तीन दिले की त्यातले दोन मला स्वतःला न पटलेले असतात, आणि हमखास त्यातलाच एक निवडला जातो. एक देते आणि तो का, हे त्या जागी उभं राहून सांगते. नाही पटला तर दुसरा करते, पुन्हा पहिल्यापासून. यात काही कामं हातची गेली. जाऊ देत.

पुस्तकांची कामं मला सगळ्यात जास्त आवडतात आणि त्यात पैसे सगळ्यात कमी. बेस्टमध्ये तेहेतीस वर्षं कंडक्टर असलेल्या एका गृहस्थांच्या आठवणी एका छोट्या प्रकाशकाने काढल्या, पाचशे प्रतींची आवृत्ती, एकशे शहात्तर पानं, म्हणजे सोळापानी अकरा फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा). मुखपृष्ठासाठी प्रकाशकांनी सुचवलं की लाल डबल डेकर टाका. कोणालाही हेच सुचलं असतं, मलाही आधी तेच सुचलं होतं. मी हस्तलिखित वाचलं आणि लेखकांना भेटायला परळला त्यांच्या घरी गेले. त्यांचे वडील ट्रामवर होते, १९६४ साली ट्राम बंद झाली तेव्हा हे कंडक्टर काका शाळेत जात होते. बोलता बोलता त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दाखवला. पत्र्याच्या पेटीतून रंगीत तिकिटं सुटी करून करून त्याला एका बाजूने जाडसर चामडी आलेली, निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही. उजव्या हाताने त्यांनी हवेत पंच वाजवून दाखवला. टिक टिक. बसमध्ये गर्दीतून तो आवाज जवळ यायला लागला की आपण खिशात हात घालायचो, आठवतंय?

घरी येऊन नेहमीप्रमाणे आधी शीर्षक लिहायला घेतलं. बोरूने लिहिलं, कट निबने लिहिलं. देवनागरीसाठी बोरूचा कट रोमनच्या उलट्या बाजूला असतो, त्यामुळे जाड-बारीक रेघा वेगळ्या अंगाने पडतात आणि अक्षराला डौल येतो. चाळीस वेळा लिहून झाल्यावर लक्षात आलं की डौलच नको आहे. हा माणूस तुटक, छोट्या वाक्यांत बोलतो. मराठी म्हटलं की बोरूचं वळणदार अक्षर, अशी आमच्या धंद्यात एक सवय पडली आहे आणि ती मला खटकते. मराठीत लोक हिशोबही लिहितात, तक्रारीही लिहितात, सगळ्याला पालखीचा थाट कशाला? मग मी बसच्या कपाळावरचे देवनागरी आकडे आठवले. जाड, सरळ, पाऊस पडत असताना लांबून ओळखू येणारे. ५ आणि ८ कागदावर काढले आणि त्यांच्या अंगाने शीर्षकाची अक्षरं बांधत गेले. आकड्यांवरून अक्षरं करायचा हा पहिलाच प्रसंग. तीन दिवसांत शीर्षक उभं राहिलं.

चित्र ठेवलंच नाही. सगळं मुखपृष्ठ लाल, शीर्षक पांढरं, आणि डावीकडे खाली खरंखुरं गोल भोक, पंच मारल्यासारखं. भोकातून आतल्या पानावरचा पिवळा दिसणार. त्यासाठी डाय, म्हणजे कापायचा साचा, बनवायचा खर्च प्रकाशकांना झेपणारा नव्हता. लोअर परळच्या प्रेसमध्ये फायलींना भोकं पाडायचं मशीन होतं, त्यावर काम भागलं. आत मी आधी एक आकडा छापणार होते, पण बाइंडिंगमध्ये कागद मिलिमीटरभर तरी सरकतोच आणि आकडा कापला गेला असता, म्हणून नुसता रंग.

खरी परीक्षा लालची झाली. स्क्रीनवर जो लाल दिसतो तो बिनचकाकीच्या कागदावर शाई शोषली गेली की विटकरीकडे जातो. फोर-कलरमध्ये, म्हणजे चार ठरलेल्या शाया एकावर एक छापून, दोनदा प्रूफ काढलं, दोन्ही वेळा मेलेला रंग. शेवटी मशीनमननी स्पॉट कलर, म्हणजे त्या एकाच रंगाची वेगळी शाई, मिसळायला घेतला. लादीवर सुरीने लाल घोळायचा, त्यात किंचित नारिंगी, बोटाने कागदावर टिपका, पुन्हा घोळायचा. कशाशी जुळवायचा यावर आमचं एकमत होईना. फोटोतला लाल प्रत्येक फोनवर वेगळा. मी ओलं शीट हातात धरून प्रेसच्या बाहेर रस्त्यावर आले, मशीनमन मागोमाग शाईचे हात घेऊन. बस आली, स्टॉपवर थांबली, आम्ही शीट पत्र्याला न लावता जवळ धरलं. “अजून थोडा पिवळा पाहिजे,” ते म्हणाले आणि बस सुटली. पुढच्या बसला पुन्हा. तिसऱ्या बसला जुळला. ड्रायव्हर आमच्याकडे बघत होता, त्याला वाटलं आम्हाला चढायचंय.

पुस्तक हातात आल्यावर काकांनी आधी ते उलटसुलट करून पाहिलं. मग तिकिटांची पेटी धरायचे तसं डाव्या हातात धरलं आणि म्हणाले, “भोक बरोबर अंगठ्याखाली येतंय.” मी ते मोजून तिथे ठेवलं नव्हतं. पण आता प्रत वाचणाऱ्या प्रत्येकाच्या अंगठ्याखाली ते येतं.

सगळंच असं जुळून येत नाही. एका संस्थेने मुंबईत शेतकऱ्यांचा बाजार भरवला होता, जुन्नरकडून भाजी घेऊन माणसं येणार होती. पोस्टरं, बॅनर, पिशव्या, सगळं माझ्याकडे. आदल्या दिवशी दुपारी संस्थेकडून निरोप आला की फोन नंबर बदललाय. मी बाहेर होते. प्रेसवाला म्हणाला, ओपन फाइल पाठवा, आम्ही बदलून घेतो. मी पाठवली. नेहमी मी अक्षरांचे कर्व्ह करून पाठवते, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता आकार होतं आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच दिसतं. त्या दिवशी तसं केलं नाही. प्रेसमधलं सॉफ्टवेअर जुनं होतं.

ज्यांनी मराठी टाइप बसवलाय त्यांना पुढचं सांगायला नको. सॉफ्टवेअरला भारतीय लिप्यांची जुळणी येत नसेल, किंवा येत असून ती चालू केलेली नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात आणि पाय मोडल्याची खूण उघडी पडते. त्यातही आपला अर्धा ऱ. ‘शेतकऱ्यांकडून’ मधला. हिंदीत तो लागत नाही, त्यामुळे जुन्या व्यवस्थांमध्ये त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. सकाळी मी बाजारात पोचले तर गेटवरच्या पाच फुटी बॅनरवर ‘शेतकर’, खाली मोडका पाय, मग जागा, मग ‘यांकडून’. एक वयस्क शेतकरी टेम्पोतून कोथिंबिरीच्या जुड्या उतरवून हात पुसत बॅनरपाशी आले होते. ते बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होते. त्या शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं. पुन्हा मागून वाचलं, पुन्हा तिथेच थांबलं. मग ते आत निघून गेले. तो शब्द त्यांचा होता आणि मी तो त्यांना वाचता येणार नाही असा लिहून टांगला होता.

बॅनर मी स्वतः दोरी कापून उतरवला. चाळीस पोस्टरं होती, ती डिजिटल प्रिंटवर स्वखर्चाने पुन्हा काढून संध्याकाळच्या आत लावली. प्रेसवाल्याला मी बोल लावला नाही, फाइल माझ्या हातून गेली होती. तेव्हापासून माझ्या घरून ओपन फाइल बाहेर जात नाही, मग फोन नंबर बदलो नाहीतर पाहुणे बदलोत. आणि शेवटची प्रिंट मी खऱ्या मापात भिंतीला लावते आणि बोट ठेवून मोठ्याने वाचते. मनातल्या मनात वाचलं की डोळा चूक दुरुस्त करून पुढे जातो. बोट जात नाही. माझी मुलगी आता पलीकडच्या खोलीतून विचारते, “आई, आज काय वाचतेयस?”

रविवारची सकाळ मात्र कोणाला विकत नाही. गेली सहा वर्षं मी जुन्या इमारतींवरची नावं टिपत फिरते. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माटुंगा, गिरगाव. दरवाजाच्या वर किंवा कठड्यावर सिमेंटमध्ये उठावाने केलेली नावं, बरीचशी १९३० आणि ४०च्या दशकांतली. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली, दादर-माटुंग्याच्या इमारती त्या यादीत नाहीत. पुनर्विकासात त्या एकेक जातायत आणि नाव आधी जातं, कारण ते पुढे आलेलं असतं. आजवर दोनशे चौदा नावं झाली. फोटो काढायचा, घरी मोठा करून ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने काढायचा, बस. फोटो पुरत नाही. हाताने काढताना कळतं की गवंड्याने काय विचार केला असेल.

एजन्सीत आम्ही जिथे अडायचो तिथे हे लोक अडले नव्हते. कठडा गोलाकार वळतोय, उंची फूटभर, आणि नावात वर मात्रा, खाली उकार. गवंड्याने काय केलं? अख्खं नाव लहान नाही केलं. उकार आखूड करून तो शेजारच्या अक्षराच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेत सारला. माटुंग्याच्या एका इमारतीवर रफार शिरोरेषेवरून थेट वरच्या छज्ज्याच्या कडेला टेकवलाय, जणू तो छज्जाच अक्षराचा भाग आहे. यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. मॅचिंग सेंटरच्या बोर्डावरच्या ‘श’चा देठ मी गिरगावातल्या एका जिन्यावरून घेतलाय, शेठना तेही सांगितलं, तर त्यांनी एका रविवारी दुकान उघडायच्या आधी येऊन तो जिना बघितला.

गेल्या वर्षी दादरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. जुनी इमारत पाडून टॉवर झाला होता, आणि गेटवर जुनंच नाव जुन्याच अक्षरांत हवं होतं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की माझ्याकडे फोटो असेल. होता. पण नावातलं चौथं अक्षर, ‘ळ’, गुलमोहराच्या फांदीआड. बाकी सगळी अक्षरं स्पष्ट, आणि नेमका ळ नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. लोकांनी जुने आल्बम काढले. लग्नाला निघालेली नवरी, मुंजीचा बटू, नवीन स्कूटरची पूजा, सगळे दारात उभे, आणि प्रत्येक फोटोत नाव वरून कापलेलं. एका फोटोत सायकलवर बसलेला मुलगा आणि कोपऱ्यात ळ चा डावा अर्धा भाग. त्यावरून मी उजवा अर्धा काढला, दोन्ही वेटोळी सारखी, बाकीच्या अक्षरांच्या मापाने. चांगला दिसत होता. ती ट्रेसिंग ग्रुपवर टाकली तर डोंबिवलीला मुलाकडे राहणाऱ्या एका आजींचा निरोप आला, असा नव्हता. फोन केला. आजी म्हणाल्या, “उजवं वेटोळं लहान होतं गं. बाजूला आमच्या खिडकीचं छज्जं आलं होतं ना, त्याला चिकटून होतं. मी रोज त्यावर कावळ्याला पोळीचा तुकडा ठेवायची.”

नव्या गेटवर छज्जं नाही. जागा भरपूर आहे, ग्रॅनाइटची सपाट भिंत. ळ ला आखडून घ्यायचं काही कारण उरलेलं नाही. आणि तो आखडलेलाच खरा होता. मी दोन्ही काढले. पूर्ण ळ भिंतीवर छान बसतो. आखडलेला ळ उजव्या बाजूला एक मोकळी फट ठेवतो, साधारण वीतभर, आणि ती फट मला रोज थोडी जास्त आवडायला लागली आहे. सेक्रेटरींना पूर्ण हवाय, कमिटीत तीन-तीन मतं पडलीत. आता दोन्ही खऱ्या मापात प्लायवर कापायला दिलेत. शनिवारी सकाळी गेटवर आळीपाळीने टांगून बघायचे आहेत. आजींना डोंबिवलीहून आणायला त्यांचा नातू गाडी घेऊन जाणार आहे.